आजीवर पुस्तिका काढताय? मग आधी तिची मापं लिहून काढा

प्रश्न थोडक्यात असा: आजी ९२व्या वर्षी गेली, जूनमध्ये वर्षश्राद्ध आहे, त्या दिवशी नातेवाइकांना वाटायला छोटी पुस्तिका काढायची आहे. ती वाकळी (जुन्या लुगड्यांच्या गोधड्या) शिवायची, अबोलीच्या फाती (गजरे) करायची, वाती वळायची, उन्हाळ्यात सोलां (आमसुलं) घालायची, देवाधर्माचं तर सगळंच. तर तिच्याबद्दल काय लिहावं, आणि मागे उरलेल्या वाकळींचं काय करावं?

प्रश्नात तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, "ती सगळं अंदाजानेच करायची, माप असं काही नव्हतंच." हे उत्तर मुख्यतः त्या वाक्यासाठी आहे.

आमच्या घरात हाच वाद अजून मिटलेला नाही. आजीच्या मिठाच्या बरणीत एक करवंटी असायची. काठ दगडावर घासून गुळगुळीत केलेले, आतून एक आडवी रेघ कोरलेली. रेघेपर्यंत मीठ सोलांना, काठोकाठ मीठ आगळाला, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाला. ती गेल्यावर स्वयंपाकघर आवरताना ती करवंटी कचरा म्हणून चुलीत गेली. पुढच्या उन्हाळ्यात घरातल्या बीपीवाल्यांच्या काळजीने आगळात निम्मंच मीठ घातलं गेलं, आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आत बरणीवर पांढरी साय धरली. त्यावर माझ्या थोरल्या चुलतभावाचा निष्कर्ष काय, तर "आजीच्या हाताला गुण होता, ती अंदाजाने करायची, आपल्याला ते जमायचं नाही." माप जाळायचं आणि वर हाताचा गुण गायचा! आता तेच वाक्य तुमच्या पुस्तिकेत छापलं जाणार असेल तर आधी भांडू द्या.

बायकांनी पन्नास-साठ वर्षं दर उन्हाळ्याला तीच गोष्ट केली आणि ती दर वेळी तशीच उतरली, ती अंदाजाने उतरत नाही. मापं होतीच. ती करवंटीत होती, मुठीत, बोटात, सुपात होती. कुणी विचारली नाहीत, कारण विचारणाऱ्याला पाककृती म्हणजे चमचा आणि कप एवढंच ठाऊक. पुस्तिकेत 'मायाळू, कष्टाळू, धर्मपरायण' लिहाल तर नाव झाकल्यावर ती गोव्यातल्या कुठल्याही आजीची होईल. मापं लिहिलीत तर ती तुमच्याच आजीची राहील.

सोलांपासून सुरू करा, कारण सगळ्यात लवकर विसरली जाते ती हीच गोष्ट. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात. काळपट लाल झालेलीच घ्यायची. देठाजवळ हिरवट राहिलेल्या भिरंडाचं सोल फिकं येतं आणि वाळल्यावर वातड होतं. झाडाखाली पडून फुटलेली वेगळी काढायची, ती आंबतात आणि शेजारच्यांना आंबवतात. धुऊन, पुसून, दोन फाका करायच्या. बिया आणि गर एका भांड्यात, साली सुपात. गरात मीठ घालून ढवळायचं, त्याला सुटलेला रस हेच पुढचं सगळं रसायन. साली दिवसभर उन्हात, रात्री या रसात बुडवायच्या, सकाळी निथळून परत उन्हात. अशी पाच ते सात पुटं. पहिल्या दोन पुटांनंतर रंग चढलेला दिसत नाही म्हणून लोक घाबरून मीठ वाढवतात. तसं करायचं नाही, रंग तिसऱ्या-चौथ्या पुटाला भरतो. १० किलो भिरंडांची सोलां वाळून किलो-सव्वा किलो उरतात. त्याहून खूप जास्त भरली तर आत पाणी आहे असं समजा, ती पावसात टिकणार नाहीत. बोटांत दाबल्यावर लवचीक पण कोरडी, आणि दोन सोलां एकमेकांना चिकटत नाहीत, इथवर वाळवायची.

वाळवण पत्र्यावर घालू नका. भिरंड आम्ल आहे, पत्रा खातं, सोलांना डाग पडतात. ॲल्युमिनियम आणि कल्हई उडालेलं तांबं-पितळ तर रसाच्या जवळपासही नको. चटई किंवा सूप. मे अखेरीला वळीव कधी येईल सांगता येत नाही, म्हणून शेवटची दोन पुटं बाकी असतील तेव्हा जुन्या बायका वाळवण आंगणाच्या मधोमध न घालता सोप्याच्या कडेला ठेवायच्या, ओढून आत घेता यावं म्हणून. हे बारीकसं वाटेल, पण पुस्तिकेत नक्की लिहा.

आगळ म्हणजे न वाळवलेल्या साली आणि मीठ. वजनाने सांगायचं तर किलोभर सालींना १५० ते १६० ग्रॅम. शंभराच्या खाली गेलात तर बुरशी नक्की, आणि ती पहिल्या पावसात दिसत नाही, आषाढ-श्रावणात दिसते, तेव्हा उपाय राहत नाही. मीठ टिकवण्यासाठी असतं, चवीसाठी नव्हे. बीपी असेल तर सोलकढीत आगळ कमी घाला, बरणीत मीठ कमी करू नका! काचेची किंवा चिनीमातीची बरणी, तोंडाला फडकं, आत कोरडा लाकडी डाव. रोज एकदा ढवळायचं, म्हणजे वर तरंगणाऱ्या साली रसाखाली जातात. हवेत उघड्या राहिलेल्या सालींवरच बुरशी आधी येते. आठवड्याभराने गाळून घेतलं की झालं. लोखंडी झाकण गंजतं आणि गंज रसात उतरतो. उजेडात ठेवलेल्या आगळाचा लाल रंग तपकिरी पडतो, म्हणून कपाटात.

इथे तुमच्या आजीचं करवंटीचं किंवा मुठीचं माप वजनात उतरवायचं असेल तर एक खोच आहे. तिचं मीठ मिठागरातलं जाडं, किंचित ओलसर. तेवढ्याच करवंटीत पुड्यातलं बारीक मीठ वजनाला जास्त बसतं. तेव्हा 'आजीची एक करवंटी' पुड्याच्या मिठाने भरून वजन घेतलंत तर पाककृती खारट निघेल. जाडं मीठ आणा, त्याने भरा, मग काट्यावर ठेवा. मुठीचं माप घ्यायचं तर तुमची मूठ चालणार नाही. तिच्या अंगकाठीची मुलगी, भाची, जी कुणी असेल तिला पाच वेळा मूठ भरायला लावा, पाचही वजनं लिहा आणि मधलं धरा. मूठभर तांदूळ साधारण ४० ते ५० ग्रॅम भरतात, त्यावरून हाताचा पल्ला कळतो.

सोलांवर पांढरं दिसलं की फेकायची घाई होते. ओलं बोट घासा. विरघळलं आणि खारट लागलं तर मीठ बाहेर आलंय. विरघळलं नाही, लोकरीसारखं असलं, कुबट वास आला तर बुरशी. बिया टाकत असत का, हेही विचारा. वाळवून, फोडून, वाटून पाण्यात उकळल्या की तेल वर येतं आणि निवल्यावर थिजतं, ते भिरंडेल. टाचांच्या भेगांना तेच लावत. बहुतेक घरांत हे काम पहिल्यांदा बंद पडलं, म्हणजे तुमच्या आजीने ते शेवटचं कधी केलं हीही एक तारीख आहे.

आता वाकळ. इथे तुम्हाला कुणाला काही विचारावं लागणार नाही, कारण माप समोरच आहे. वाकळ चांगल्या उजेडात पसरा आणि टेप घ्या. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आतबाहेर. त्याच्या चार घड्या केल्या की सुमारे दोन मीटर लांब, पन्ह्याएवढी सव्वा मीटरच्या आत रुंद, चार थरांची वाकळ तयार. म्हणून एकेरी वाकळीची लांबी-रुंदी घरोघर जवळपास सारखीच निघते. ते योगायोगाने होत नाही, लुगड्याच्या मापातून येतं. दुहेरी असेल तर मध्ये जोड शोधा. जोड कुठे आहे त्यावरून किती लुगडी लागली ते कळेल.

मग टाके मोजा. एका वितीत किती, आणि दोन ओळींत किती अंतर. ओळींतलं अंतर बहुतेक शिवणारीच्या बोटाएवढं असतं, कारण डाव्या हाताचं बोट ओळीला लावूनच ती सुई घालते. तुमच्या आजीच्या बोटाची रुंदी त्या कापडात मोजता येते, फोटोत येत नाही. समजा अंतर दीड सेंटिमीटर आणि सेंटिमीटरला एक टाका. २.०५ मीटर गुणिले १.१५ मीटरच्या वाकळीत टाक्यांची ओळ १५७ मीटर होते, म्हणजे साडेपंधरा हजारांवर टाके. दोरा दुहेरी असेल तर सव्वातीनशे मीटर. हा आकडा पुस्तिकेत घाला, 'मायेने शिवलेली' काढून टाका.

शिवायची रीत अशी. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुतीच कापड. एक थर जरी नवा घातला तर पहिल्या धुण्यात तो आटतो, बाकीचे आटत नाहीत, आणि वाकळ कायमची चुरगळते. नायलॉनची साडी आत घातली तर थर सरकतात, घामही टिपला जात नाही. लुगड्याचे काठ आधी उसवून बाजूला, कारण काठाची वीण घट्ट, तो अंगाच्या कापडाबरोबर वागत नाही. शेवटी त्याचीच किनार लावायची. बसून विरलेला भाग मधल्या थरात, धड भाग वर-खाली. जमिनीवर ताणून पसरून कोपऱ्यांवर वजन, मग सगळीकडे वीतभर अंतराने कच्चे टाके. नंतर कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा. कच्चे टाके घातले नाहीत तर कडेकडून सरकत आलेलं कापड मध्यावर जमतं आणि फुगा होतो. जुन्या वाकळीच्या मध्यभागी ठिगळासारखा चौकोन दिसला तर बहुतेक वेळा असा फुगा दाबलेला असतो, नक्षी म्हणून फोटो छापू नका. दोरा सुती. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही, पण विरलेलं कापड कापत जातो. तुमच्याकडच्या एखाद्या वाकळीत ओळीवर ओळ फाटत आली असेल तर दोरा तपासा, बहुधा कुणीतरी नंतर डागडुजी केलेली आहे.

त्या वाकळींचं करायचं काय, तर वापरा. काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावायचा विचार असेल तर गोव्याचा पाऊस विसरलात. काचेमागे कोंडलेला दमटपणा जून ते सप्टेंबर बाहेर पडत नाही, दिवाळीपर्यंत करडे ठिपके येतात आणि ते धुऊन जात नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीतही तेच. सुती पंचात गुंडाळून लाकडी कपाटात, भिंतीला न टेकता ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीच्या रेषेवरच कापड उलतं. पाऊस गेला की ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन तास, उलटून तेवढाच वेळ, दिवसभर नव्हे. धुवायची तर रिठ्याच्या पाण्यात, मशीनमध्ये पिळून नव्हे. ओली वाकळ स्वतःच्याच वजनाने फाटते, म्हणून दोरीवर एका बाजूने लोंबत न ठेवता आडवी पसरा. चार भाग करून चार भावंडांत वाटायची टूम निघते, तिला माझा विरोध आहे. कापलं की धावदोरा कडेने उसवतो आणि चारही तुकडे जातात. एकाकडे राहू द्या, वर्षाआड फिरवा.

फाती आणि वाती लवकर आटपते. फातीला केळीच्या सोपटाचे दोर, वाळवून बारीक चिरलेले आणि ओवण्याआधी भिजवलेले. कोरडे ठेवले तर गाठ मारताना तुटतात, फार भिजवले तर फुलांच्या देठाशी कुजतात. अबोलीला वास नाही पण ती टिकते. जाई दुपारी कळीतच काढावी लागते, संध्याकाळी उमलते, दुसऱ्या दिवशी गेली. म्हणून अबोलीच्या दिवसांचं आणि जाईच्या दिवसांचं तिचं वेळापत्रक वेगळं असणार, तेवढं लिहा. आजी म्हार्दोळच्या बाजूची असेल तर तिथल्या म्हालसा देवीच्या जायांच्या (जाईच्या फुलांच्या) पूजेचा उल्लेख विसरू नका. वातींचं म्हणाल तर कापूस कुठला, हे विचारा. परसातला देवकापूस असेल तर त्याची सरकी बोटांनी सुटते. पीळ फार घट्ट बसला तर तेल चढत नाही आणि वात नुसती काजळते, सैल राहिला तर भराभर जळून जाते. बोटांना दूध लावायची की रांगोळीची पूड, हा प्रत्येक घरचा हट्ट. लक्षवात केली असेल तर वर्षभरात लाख म्हणजे रोज पावणेतीनशे वाती. 'खूप भक्ती होती' यापेक्षा हा आकडा लोकांना जास्त कळेल.

श्रद्धेवरचं प्रकरण हमखास गुळगुळीत होतं. त्यावर माझा उपाय एकच, पंचांग घेऊन बसा आणि चैत्रापासून फाल्गुनापर्यंत तिचं वर्ष लिहून काढा. श्रावणातल्या आयतारांच्या (रविवारांच्या) पूजनाला पत्री कुठून आणायची, पातोळ्यांना हळदीची पानं कुणाच्या परसातली, चवथीच्या माटोळीला (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीला) कांगलां आणि घागऱ्यो ही रानातली फळं कोण आणून द्यायचं, ती बांधायला केवणीच्या सालीचा दोर होता की सुतळी, तुळशीच्या लग्नाला दिंड्याची काठी कोण तोडायचं, पौषात मांडावर (गावातल्या ठरलेल्या जागी) धालो, म्हणजे बायकांची नाच-गाणी, खेळायला किती वर्षांपर्यंत गेली. घरात बोलणं कोंकणी आणि पोथी मराठीत, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की कुणी लिहीत नाही. पोथी कुठल्या स्वरात वाचायची, कुठे थांबायची, तेही कुणाला तरी आठवत असेल. कुलदेव सासरचा लिहालच, माहेरचाही लिहा. आणि मूळ स्थान वेगळं असेल तर तेही, कारण केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, कुडथाळचा मंगेश आताच्या मंगेशीला, वेर्ण्याची म्हालसा म्हार्दोळला, असं सोळाव्या शतकात देवांनीच घर बदललं आहे.

तिच्या जन्मतारखेवरून घरात दोन आकडे निघतीलच. चालू वर्ष धरून वय सांगायची पद्धत होती, त्यामुळे एका वर्षाची तफावत तिथेच येते. १९६१च्या आधीची जन्मनोंद पोर्तुगीजमध्ये असते, आणि ती तुमच्या गावी सापडणार नाही. तिच्या माहेरच्या तालुक्यात, माहेरच्या नावावर शोधा. लग्नात नाव बदललेलं असतं, म्हणून तुम्ही ज्या नावाने तिला ओळखता त्या नावाने कुणी जन्मलेलंच नाही. जुने फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर पावसाच्या आधी काढून स्कॅन करा, मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने.

नातेवाइकांना "आजी कशी होती?" असं विचारू नका, "फार चांगली होती" एवढंच मिळेल. "मीठ कशाने घ्यायची?" विचारा, आणि उत्तर संपलं की "मग काय करायची?" एवढंच म्हणत राहा. भांडी, सुया, डाव, करवंट्या फेकण्याआधी प्रत्येकाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. माझा चुलतभाऊ हे वाचणार आहे, त्याच्यासाठी हे वाक्य पुन्हा: फेकण्याआधी.

एक-दोन गोष्टी उशिरा सांगतेय. वर दिलेली मापं फोंड्याच्या बाजूला चालणारी आहेत. काणकोणात नाहीतर सत्तरीत पुटांची संख्या आणि मीठ वेगळं निघू शकतं, तिथे तुमच्या घरातलं खरं माना. आणि काही नवस, काही उपास तिने कुणाला न सांगता केलेले असतात. एखाद्या आत्याने ते विश्वासाने सांगितले तर छापण्याआधी तिला विचारा. सगळंच मापात मांडा असं माझं म्हणणं नाही, पण जे मापात होतं त्याला अंदाज म्हणू नका.

वर्षश्राद्ध जूनमध्ये म्हणजे भिरंडांचा हंगाम मध्ये पडतो. पाचेक किलो आणून एक घाणा घाला, तिच्या मुली-सुनांपैकी जी हयात आहे तिला खुर्चीवर बसवून चुका काढायला सांगा, आणि कुणीतरी शेजारी वही घेऊन बसा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या पुढे ढकलू नका. सात पुटांना सात दिवस ऊन लागतं, आणि छापखान्याला मजकूर त्याच्या आधी नको असला तरी वळीव थांबत नाही.